खोडव्याला खत

कराडात साहित्य संमेलन होऊन गेलं त्याला वर्ष उलटलं, तरी गावाला झालेली बाधा उतरली नव्हती. मांडव सुटला, भांडी घासून परत गेली, पाहुणे आपापल्या गाड्यांत बसून गेले आणि मागं राहिले ते नुसते लेखक. पोस्टातले एक गृहस्थ कादंबरी लिहीत होते, त्यांचे दाताचे डॉक्टर नाटक लिहीत होते, आणि दोघंही लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवत असल्यामुळं दाढ धरून आलेले पेशंट बाहेर बाकावर कण्हत बसायचे. अशा हवेत शेजारच्या मलकापूरच्या नाथाजीराव शिंगट्यांनी कवितांचं पुस्तक काढायचं मनावर घेतलं, तर त्यात एकट्या त्यांचा दोष मानता येणार नाही.

नाथाजीराव कराडला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. वडिलांची उसाची शेती धाकटा भाऊ गुंडा बघायचा. नाथाजीराव शेताकडं जायचे ते वर्षातून एखाद्या वेळी, तेही बूट घालून, आणि बांधावर उभे राहून ‘वा’ म्हणून परत यायचे. स्वतःवर मात्र त्यांचा भरवसा दांडगा. साहेबांच्या मसुद्यातल्या चुका ते लाल पेन्सिलीनं काढत, आणि नसल्या तरी काढत. दरसाल डिसेंबर संपता संपता पुण्याच्या एका वर्तमानपत्रात ‘सरत्या वर्षाची ग्रंथसंपदा’ असा लंबाचौडा लेख यायचा. वर्षभरातल्या कथा, कादंबऱ्या, कविता, कुणाला कुठलं पारितोषिक, सगळं त्यात असायचं. त्या लेखात एक दिवस आपलं नाव येणार, याबद्दल नाथाजीरावांना शंका नव्हती. फक्त पुस्तक लिहायचं राहिलं होतं.

तेही लिहून झालं. एकुलती एक लेक लग्न होऊन जत तालुक्यात सासरी गेली, घर एकदम मोकळं झालं, आणि एका रविवारी दुपारी ज्वारी निवडत बसलेल्या अंजनाबाईंकडं नाथाजीरावांनी कितीतरी वर्षांनी नीट बघितलं. इतकी वर्षं लेकीच्या फिया, लेकीचा खोकला, लेकीचं स्थळ याच्यापलीकडं दोघांचं बोलणं गेलं नव्हतं. बघता बघता त्यांना एक ओळ सुचली आणि तिची कविता झाली. मग होतच राहिल्या. पन्नाशीला टेकलेल्या माणसानं स्वतःच्याच बायकोवर कविता कराव्यात ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाही, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही, बायकोला तर नाहीच. पुस्तक छापायचं, त्याला पारितोषिक मिळवायचं आणि मग ते तिच्या हातात ठेवायचं, असा बेत होता. तिनं वाचून एकदा ‘चांगलं लिवलंय’ म्हणावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. समीक्षकांचा नंबर त्यानंतर.

पुस्तकाचं नाव आधी ‘सांजसावल्या’ होतं. छापखान्याचे मालक भाऊसो यांनी ते वाचून चष्मा कपाळावर चढवला.

“ह्या साली सांज लय झाली, नाथाजीराव,” ते म्हणाले. “माझ्याकडंच सांजंचे ढीग पडल्यात. त्यात लग्नसराई. ‘सौ’ म्हणू नका, ‘सस्नेह’ म्हणू नका, मोठ्या टायपातले ‘स’चे सगळे खिळे पत्रिकांत गुतल्यात. दुसरं कायतरी बगा, स नसल्यालं.”

खिळ्यांच्या टंचाईपुढं प्रतिभा वाकत नसते, असं नाथाजीराव त्यांना ऐकवून आले. पण पुढच्याच रविवारी ते शेताकडं गेले, तर ऊस तुटून गेलेला आणि जमिनीलगतच्या बुडख्यांमधून हिरवे कोंभ वर आलेले.

“नवी लावण केलीस व्हय रं?” त्यांनी गुंडाला विचारलं.

“लावण कुठली, दादा? खोडवा हाय ह्यो. पयल्या लावणीचा ऊस तोडला की त्याच बुडख्यातनं परत फुटतंय. नांगर नको, लावाया नवं बेणं नको. आपसूक येतंय.”

‘आपसूक’ या शब्दापाशी नाथाजीराव थांबले. संसाराची तोडणी झाली, लेक गेली, रान उघडं पडलं आणि त्याच जुन्या बुडख्यातून प्रेम पुन्हा फुटलं. बांधावरून चालताना ते ‘खोडवा, खोडवा’ असं मोठ्यानं म्हणत गेले. त्यात ‘स’ही नव्हता.

मुखपृष्ठावर त्यांना खिडकीत उभी राहिलेली पाठमोरी स्त्री हवी होती. भाऊसोंनी त्याचाही निकाल लावला. “बाई करायची तर ब्लॉक कोल्हापूरला धाडाया लागंल. ऊस तयार हाय.” कसल्याशा हस्तपत्रिकेसाठी केलेला उसाच्या मोळीच्या चित्राचा ब्लॉक त्यांच्याकडं पडून होता. नाव खोडवा, खाली मोळी. नाथाजीरावांनी थोडा वेळ लांबून, थोडा वेळ जवळून बघितलं आणि हे प्रतीकात्मक आहे असं ठरवून टाकलं.

प्रकाशन शेजारच्या सुभेदार मानसिंगांच्या व्हरांड्यात झालं. सुभेदार पलटणीतून पेन्शनवर आल्यापासून आळीतल्या कुठल्याही कार्याची सूत्रं आपणहून हातात घेत. नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि सुभेदारांच्या पत्नी रंगुबाई यांनी पुस्तक उघडून अर्पणपत्रिका मोठ्यानं वाचली. ‘सौ. अंजनास, जिच्यामुळे हा खोडवा.’ वाचून झाल्यावर त्या विचारात पडल्या.

“अंजनावैनी,” त्या म्हणाल्या, “तुमी खोडवा. मग पयली लावण कोण वं?”

कवितेच्या रसग्रहणाची तयारी करून आलेले नाथाजीराव या प्रश्नाची तयारी करून आले नव्हते. त्यांनी ‘लावण अशी कुणी नाही’ असं सांगायला तोंड उघडलं, पण बेण्याशिवाय खोडवा आला कुठनं, असा पुढचा प्रश्न त्यांना रंगुबाईंच्या तोंडावरच दिसला. सुभेदार तेवढ्यात आढ्याकडं बघून खाकरले आणि सभा बरखास्त झाली.

घरी आल्यावर अंजनाबाई म्हणाल्या, “लावण कोण का असंना, मला त्याचं काय न्हाई. पर मी वाळव्याकडच्या शेतकऱ्याची लेक हाय. खोडव्याला काय मान असतोय ते मला नका शिकवू. खत लावणीला. येळच्या येळी पाणी लावणीला. खुरपणी लावणीला. खोडवा म्हंजे फुकटचं पीक. आलं तर आलं. त्याच्याकडं बगतंय कोण?”

“अगं, ते प्रतीक आहे.”

“असंल. पर फुकटचंच न्हवं?”

पुस्तक न उघडता पापडाच्या डब्यावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला, त्यात साखर नव्हती. नाथाजीरावांनी कप खाली ठेवला आणि चुलीकडं बघितलं.

“खोडव्याला वरनं काय घालत न्हाईत,” चुलीकडून उत्तर आलं. “आपसूक गोड हुतोय.”

आता पारितोषिकाशिवाय गत्यंतर नव्हतं. सांगलीचं कृष्णा-वारणा ग्रंथगौरव मंडळ दरसाल कादंबरी, कविता, नाटक अशी वेगवेगळी पारितोषिकं द्यायचं. मानाचं होतं, आणि मुख्य म्हणजे पुण्याचा लेखवाला त्याची दखल घ्यायचा. प्रतींचं पार्सल सुभेदारांनी स्वतः बांधलं. पार्सल बांधणं हे लष्करी काम आहे, कवीचं नव्हे, असं त्यांचं मत होतं. कापडावर त्यांनी ‘खोडवा’ असं ठळक लिहिलं आणि मग ते शिवलं. त्याखालचा ‘काव्यसंग्रह’ हा शब्द शिवणीत गेला. नाथाजीरावांनी ते पाहिलं, पण सांगलीचे लोक सुशिक्षित आहेत या भरवशावर ते निर्धास्त राहिले.

डिसेंबरात लेख आला. नाथाजीरावांनी तो स्टँडवर उभ्यानं वाचला. कवितेचा परिच्छेद त्यांनी वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. नाव नव्हतं. कादंबरी बघितली, नाटक बघितलं. मग शेवटच्या कोपऱ्यात, ‘शेती व पशुपालन’ या मथळ्याखाली, शेळीपालन आणि कंपोस्ट खत यांच्या मधोमध त्यांना ते सापडलं. ‘श्री. शिंगटे यांचे “खोडवा” हे पुस्तक ऊसबागायतदारांना उपयुक्त ठरावे. सांगलीच्या मंडळाने त्यास शेती विभागाचे पारितोषिक जाहीर केले आहे.’

ते घरी न जाता थेट सुभेदारांकडं गेले. सुभेदारांनी लेख वाचून त्यांच्या पाठीवर थाप मारली.

“नाव आलं न्हवं? मग झालं तर. मी भरतीला गेलो रायफल चालवाया. घेतलं बँडात. म्हणून काय सरकारनं पेन्शन कमी दिली?”

“पण मी कवी आहे, सुभेदार.”

“आन मी काय बँडवाला हाय?” सुभेदार म्हणाले, आणि लेखाची घडी घालून त्यांनी ती नाथाजीरावांच्या खिशात कोंबली.

दोनचार दिवसांत माणसं यायला लागली. पहिले आले पाटणचे नानासो. त्यांनी कागदात गुंडाळलेला एक पोखरलेला ऊस टेबलावर ठेवला आणि औषध विचारलं. नाथाजीरावांनी त्यांना खुर्ची दिली आणि हे पुस्तक म्हणजे काव्य आहे, याचं स्वच्छ शब्दांत विवेचन केलं. नानासोंनी ते शेवटपर्यंत मान डोलावत ऐकलं आणि म्हणाले, “ते बराबर हाय, सायेब. पर फवारायचं काय?” नंतर लेकीच्या गावचा ज्ञानू धनगर जतहून एसटीनं आला. त्याच्या गावात ऊस तर सोडाच, प्यायचं पाणी टँकरनं यायचं. “मला इचारायचं काय न्हाई,” तो म्हणाला. “पाव्हण्याचं नाव पेपरात आलं म्हंत्यात. म्हटलं, मेंढरं भाच्याकडं हायती, तवर खोडवासायेब बगून यावं.” खोडवासाहेब हे नाव तिथून जे चिकटलं, ते कचेरीपर्यंत गेलं. या सगळ्यांना अंजनाबाई चहा करून द्यायच्या. पाहुण्यांच्या चहात साखर असायची. नाथाजीराव आपला कप हातात घेऊन पाहुण्यांच्या कपाकडं बघत बसायचे.

शेवटी हा अन्याय मुळातून उपटून काढायचा, असं ठरवून त्यांनी रजा टाकली आणि सांगली गाठली. मंडळाचे चिटणीस लालासाहेब यांनी त्यांचं म्हणणं फार आदरानं ऐकलं.

“काय आहे, नाथाजीराव,” ते म्हणाले, “पार्सल आलं, वर खोडवा, आत उसाची मोळी. आमच्या शिपायानं ते शेतीच्या कपाटात ठेवलं. आम्हीही कुणी उघडून बघितलं नाही, कवितेच्या पुस्तकांचा ढीग छताला लागला होता. आता कवितेत घ्यायचं तर ते परीक्षक काम संपवून गावाला गेले. आणि शेतीतनं काढायचं तर तिथं राहतं फक्त शेळीपालन.”

“म्हणजे शेतीच्या परीक्षकांनीही वाचलं नाही?”

“असं कसं म्हणता? निवृत्त शेती अधिकारी आहेत. एक ओळ सोडलेली नाही.” लालासाहेबांनी परीक्षकांचा अभिप्राय काढला आणि चष्मा पुसून वाचला. ‘“बुडखे छाट जमिनीलगत, वर उरलेलं दुःख कुजतं” हा सल्ला अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. “पाचट जाळू नको, सखे, गेल्या दिवसांचं ते पांघरूण आहे” हेही योग्यच, कारण उसाचा हा वाळका पाला जाळल्याने जमीन उघडी पडते. येथे “सखे” हा छपाईतला दोष दिसतो, “सख्या” असे हवे. लेखकाने ओळी आखूड ठेवून अल्पशिक्षित शेतकऱ्यांची सोय पाहिली आहे, हे विशेष.’

नाथाजीरावांच्या कविता इतक्या बारकाईनं आजवर कुणी वाचल्या नव्हत्या, आणि हे जिनं वाचायला हवं होतं तिनं पुस्तक उघडलंही नव्हतं. याचा त्यांना राग यायला हवा होता, पण वाईटच वाटलं.

“समारंभाला मात्र या,” लालासाहेब म्हणाले. “शेतकऱ्यांना मार्गदर्शनही करायचं आहे.”

समारंभाला अंजनाबाईही निघाल्या. “गणपतीचं दर्शन हुईल,” एवढंच त्या म्हणाल्या. कवी-कादंबरीकारांचा सत्कार नाट्यगृहात होता, तिथं सनई लागली होती. शेतीचा सत्कार मार्केट यार्डात, गुळाच्या एका रिकाम्या गोदामात. पोत्यांच्या बैठकीवर फेटेवाले शेतकरी दाटीवाटीनं बसले होते आणि गुळाच्या वासाला लागलेल्या माश्या व्यासपीठावर होत्या. शाल झाली, श्रीफळ झालं. कवींना चांदीचं मानचिन्ह होतं. शेती विभागाला देणगीदारानं दिलेला औषध फवारायचा पंप होता. तो पितळी पंप लालासाहेबांनी स्वतः पट्टे सरळ करून नाथाजीरावांच्या पाठीवर अडकवला, फोटो काढायला लावला आणि माइक त्यांच्या हातात दिला.

नाथाजीराव डगमगले नाहीत. पाठीवर पंप असतानाही माणसानं ताठ उभं राहायला हवं, हे त्यांना कळत होतं. प्रतिमा आणि प्रतीक या विषयावर त्यांनी घरी घोटलेलं भाषण सुरू केलं. शेतकऱ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. साहेब आधी इंग्रजी सांगतात आणि मग औषधाचं नाव सांगतात, हा त्यांचा अनुभव होता. भाषणात ते श्वास घ्यायला थांबले, तसे पुढच्या रांगेतले एक म्हातारे हात वर करून उभे राहिले. तात्याबा त्यांचं नाव.

“आवं सायेब,” ते म्हणाले, “समदं पटलं. एकच सांगा. खोडव्याला खत किती घालावं? आमच्यात तर कोण घालतच न्हाई. फुकटचं पीक म्हणून सोडून देत्यात.”

‘हा प्रश्न माझ्या पुस्तकाच्या कक्षेत येत नाही’ हे उत्तर नाथाजीरावांच्या जिभेवर तयार होतं. पण बायकांच्या बैठकीत, खांबाला टेकून, अंजनाबाई बसल्या होत्या. त्यांनी हनुवटीखाली हात घेतला होता आणि त्या तात्याबांकडं नाही, नवऱ्याकडं बघत होत्या. प्रश्न जणू त्यांनीच विचारायला पाठवला होता. नाथाजीरावांना एकदम लेकीच्या फिया आठवल्या, लेकीचा खोकला आठवला, आणि त्या सगळ्या वर्षांत ही बाई आपसूकच उगवते असं आपण धरून चाललो, हेही आठवलं. प्रतिमा आणि प्रतीक त्यांच्या डोक्यातून उडून गेलं आणि त्याबरोबर त्यांची शुद्ध मराठीही गेली.

“लावणीला घालतासा तेवढं घाला,” ते म्हणाले. “आन वर मूठभर जादा घाला.”

“जादा?” तात्याबांनी विचारलं. “ते का वं?”

“लावणीच्या टायमाला रान नवं असतंय. जोर असतोय. खोडव्यानं एकदा सगळं देऊन टाकल्यालं असतंय, तात्याबा, आन तरी तो परत फुटतोय. तो बोलून दाखवत न्हाई म्हणून त्याला काय लागत न्हाई, असं आपण धरतो. तो फुकटचा न्हाई. आपण फुकटे हाय.”

तोच निवृत्त शेती अधिकारी खुर्ची मागं सारून उठले. “अगदी बरोबर. खोडव्याची मुळं जुनी, त्याला नत्र जास्तच लागतं. शास्त्र हेच सांगतं,” ते म्हणाले आणि टाळ्या वाजवायला लागले. त्यांच्यामागून सगळं गोदाम वाजवायला लागलं. नाथाजीरावांना शास्त्र काय सांगतं याची कल्पना नव्हती, पण आपलं बरोबर आहे हे ऐकून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी खांबाकडं बघितलं. अंजनाबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला होता, त्यामुळं काही दिसलं नाही.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं पंपाचं वेगळं लगेज तिकीट मागितलं. हे पारितोषिक आहे, असं नाथाजीरावांनी त्याला बजावलं. कंडक्टर म्हणाला, “असू द्या की, पर जागा खातंय.” तो वाद आष्ट्यापर्यंत चालला. वाद मिटवून नाथाजीराव वळले तर अंजनाबाईंच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. पिशवीत घालून त्यांनी ते कधी आणलं होतं, कोण जाणे. इस्लामपूरचा स्टँड आला आणि गेला, तरी त्यांनी मान वर केली नाही. पेठनाका गेल्यावर त्यांनी एका पानावर बोट ठेवलं.

“हे पाचटाचं माझ्यावरच हाय व्हय?”

“सगळंच तुझ्यावर आहे.”

“मग सरळ लिवायचं की. त्या शेतीच्या सायबाला कळलं, आन मला कळंना.” त्यांनी पान उलटलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “आन लावण?”

“तूच,” नाथाजीराव म्हणाले. “बुडखा तोच असतो, अंजना. बेणं बदललं की त्याला खोडवा म्हणत नाहीत.”

“ते मला ठावं हाय,” अंजनाबाई म्हणाल्या. “तुमाला ठावं हाय का, ते बगत हुते.” आणि त्या पुढची कविता वाचायला लागल्या. चांगलं लिवलंय, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. नाथाजीरावांनी मलकापूर येईपर्यंत वाट बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावरचा पंप बघायला सुभेदार, रंगुबाई आणि अर्धी आळी जमली होती. अंजनाबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि शेवटचा कप नाथाजीरावांच्या पुढं ठेवला. त्यांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. चहा इतका गोड होता, की चमचा त्यात उभा राहिला असता.

“लावणीपरास मूठभर जादा,” अंजनाबाई हळूच म्हणाल्या आणि आत गेल्या.

नाथाजीरावांनी सगळ्यांच्या देखत तो कप तळापर्यंत संपवला, आणि तळाशी राहिलेली साखर बोटानं पुसून खाल्ली.